कौटुंबिक न्यायालय, मुंबई (वांद्रे)

कौटुंबिक न्यायालय, मुंबई हे विवाह आणि कुटुंबविषयक दावे चालवणारे न्यायालय वांद्रे (पूर्व) येथील वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ अन्वये ७ ऑक्टोबर १९८९ रोजी ते सुरू झाले. राज्यात पुण्याचे कौटुंबिक न्यायालय त्याच वर्षी २६ जानेवारीला स्थापन झाले होते.

पार्श्वभूमी

या न्यायालयापूर्वी मुंबईत हिंदू विवाह कायद्याखालील दावे शहर दिवाणी न्यायालयात, तर ख्रिस्ती दांपत्यांचे घटस्फोटाचे दावे उच्च न्यायालयात चालत. पोटगीसाठी पत्नीला दंडाधिकाऱ्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागे. एकाच संसाराचा वाद त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विभागला जाई. विधी आयोगाने १९७४ मधील ५९ व्या अहवालात कौटुंबिक वादांसाठी नेहमीच्या दिवाणी पद्धतीपेक्षा वेगळी पद्धत असावी, असे सुचवले. १९७६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३२-अ घालण्यात आला. परंतु न्यायालये तीच राहिल्याने व्यवहारात फारसा फरक पडला नाही. महिला संघटनांनीही स्वतंत्र न्यायालयांची मागणी लावून धरली होती. १९८४ च्या अधिनियमाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अशी न्यायालये स्थापन करण्याची जबाबदारी राज्य शासनावर टाकली.

अधिकारक्षेत्र व कार्यपद्धती

घटस्फोट, न्यायिक फारकत, विवाहाची वैधता, पती-पत्नींमधील मालमत्तेचे वाद, अपत्याचे औरसत्व, पालकत्व, मुलांचा ताबा आणि पोटगी हे विषय या न्यायालयाकडे येतात. पोटगीचे अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ लागू आहे. पारशी विवाहविषयक दावे मात्र आजही मुंबई उच्च न्यायालयातील पारशी विवाह न्यायालयात, समाजातील प्रतिनिधींच्या सहभागाने चालतात.

कलम ९ नुसार न्यायाधीशाने प्रथम समेटाचा प्रयत्न करणे बंधनकारक आहे. पक्षकारांना त्यासाठी विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाते. समुपदेशकापुढे झालेले बोलणे गोपनीय राहते. सुनावणी बंद दालनात घेता येते आणि पुराव्याच्या नेहमीच्या नियमांपलीकडे जाऊन उपयुक्त कागदपत्रे स्वीकारता येतात. निकालाविरुद्धचे अपील उच्च न्यायालयाच्या किमान दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे ३० दिवसांत करावे लागते. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही.

वकिलांचा प्रश्न

अधिनियमातील सर्वाधिक वादग्रस्त तरतूद कलम १३ ची आहे. पक्षकाराला हक्क म्हणून वकील देता येत नाही. न्यायालय आवश्यक वाटल्यास विधितज्ज्ञाची न्यायमित्र म्हणून मदत घेऊ शकते. खर्च आणि तांत्रिक हरकती कमी व्हाव्यात, हा त्यामागचा हेतू. पण कायद्याची ओळख नसलेल्या स्त्रीला अर्ज, शपथपत्र आणि पतीच्या उत्पन्नाचा पुरावा एकटीने मांडणे सोपे नसते, आणि अशा वेळी साधेपणाचा भार दुबळ्या पक्षावरच पडतो. वकिलाची परवानगी मागितल्यास तिचा उदारपणे विचार व्हावा, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मधील एका निकालात घेतली. आता बहुतेक दाव्यांत वकील हजर असतात.

टीका व पुढील बदल

अधिनियमाच्या प्रास्ताविकात समेटावर भर आहे. मुंबईतील वकील व स्त्री-हक्क अभ्यासक फ्लाव्हिया ॲग्नेस यांच्यासह अनेकांनी या भूमिकेची चिकित्सा केली आहे: संसार टिकवणे आणि स्त्रीचे आर्थिक हक्क राखणे ही दोन उद्दिष्टे नेहमी एका दिशेने जात नाहीत. मारहाण झालेल्या पत्नीला पुन्हा त्याच घरी पाठवणारा समेट हा त्यातला सर्वांत नाजूक प्रसंग होय.

परस्पर संमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवल्यापासून येथील संमतीचे अर्ज लवकर निकाली निघू शकतात. वांद्रे (पूर्व) येथेच शासकीय वसाहतीच्या जमिनीवर मुंबई उच्च न्यायालयाचे नवे संकुल उभारले जाणार असून, त्याची पायाभरणी नोव्हेंबर २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाली.