तेमाकी काउंटर

हाताने वळून थेट खाणाऱ्याच्या हातात दिली जाणारी सुशी म्हणजे तेमाकी. ती समोर एकेक करून वळून देणाऱ्या छोटेखानी उपाहारगृहाला तेमाकी काउंटर किंवा हँडरोल बार म्हणतात. गिऱ्हाइके सरळ किंवा नालाच्या आकाराच्या ओट्याभोवती स्टुलांवर बसतात, शेफ ओट्याच्या आत उभे असतात. टेबले क्वचितच असतात.

ही मांडणी ठरवते ती नोरी, म्हणजे समुद्री शैवलाचा कागदासारखा भाजलेला पापुद्रा. कोमट भात त्यावर पडला की काही मिनिटांतच तो पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पापडासारखा सादळतो आणि दातांना चिवट लागतो. कुरकुरीतपणा टिकवायचा तर वळणारा आणि खाणारा यांच्यात हातभराचेच अंतर हवे. अशा जागांच्या ‘घरगुती जवळिकी’चे बरेच कौतुक होते, पण ती मुळात शैवलाने लादलेली अट आहे.

नोरी पायरोपिया वंशाच्या तांबड्या शैवलांपासून बनते. ती थंडीच्या महिन्यांत उथळ समुद्रात जाळ्यांवर वाढवतात. क्यूशू बेटालगतचा आरिआके समुद्र हे जपानमधले मोठे उत्पादनक्षेत्र. कापणीनंतर शैवल धुऊन, बारीक चिरून, कागदाच्या लगद्यासारखे पसरून वाळवतात. प्रमाणित ताव २१ × १९ सेंमी. असतो, तेमाकीला सहसा त्याचा अर्धा लागतो. शैवलाचे बीज कुठून येते हे शेतकऱ्यांना फार काळ ठाऊक नव्हते, त्यामुळे पीक नशिबावर असे. ब्रिटिश शैवलतज्ज्ञ कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की शिंपल्यांच्या कवचांत वाढणारे, स्वतंत्र प्रजाती समजले जाणारे सूक्ष्म शैवल हीच या वनस्पतीची एक अवस्था आहे. त्यावरून जपानी संशोधकांनी बीजनिर्मितीचे तंत्र बसवले. ड्र्यू-बेकर जपानला कधी गेल्या नाहीत. तरी कुमामोतो प्रांतातल्या उतो येथे त्यांचे स्मारक आहे आणि दर एप्रिलमध्ये तिथे त्यांना मानवंदना दिली जाते.

भात आखूड दाण्याचा, चिकट. त्यात तांदळाचा व्हिनेगर, मीठ आणि बहुधा साखर मिसळतात. तो अंगाइतका कोमट असावा, असा जाणकारांचा आग्रह असतो. आत ट्यूना, हामाची (यलोटेल), शिंपल्यातला स्कॅलप, खेकडा किंवा सॅमन. कच्चा सॅमन जपानी सुशीत रुळला तो १९८० च्या दशकानंतर, नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला मासा तिथे खपवायला घेतल्यावर. पॅसिफिकमधला स्थानिक सॅमन परजीवींच्या भीतीने कच्चा खात नसत. शाकाहाऱ्यांसाठी काकडी, अवाकाडो किंवा उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) असते. मात्र सॉसमध्ये दाशी (सुक्या माशाचे सार) असू शकते, तेव्हा विचारून घेणे बरे.

अनेक ठिकाणी तीन, चार, पाच असे संच मागवता येतात. पहिला रोल संपला की दुसरा येतो. तो हातानेच, मिळताक्षणी खायचा. फोटो काढण्यात वेळ घालवणे किंवा शेजाऱ्याशी वाटून खाणे म्हणजे नोरीचे नुकसान.

तेमाकी जपानी असली, तरी फक्त तिचाच असा काउंटर प्रामुख्याने अमेरिकेत रूढ झाला. जपानमध्ये ती घरच्या मेजवानीची चीज: भात, नोरीचे ताव आणि माशांचे तुकडे मांडून ठेवायचे, ज्याने त्याने आपले वळून घ्यायचे. सुशीच्या दुकानांतही ती मिळते, पण इतर अनेक प्रकारांपैकी एक म्हणून. सुशी शेफ काझुनोरी नोझावा यांचा सहभाग असलेले ‘काझुनोरी’ २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात उघडले आणि हा साचा लोकप्रिय झाला. तिथे तेमाकीच्या परिचित शंकूच्या आकाराऐवजी दोन्ही टोकांना उघडी नळी वळतात, त्यामुळे प्रत्येक घासात भात आणि मासा सारखा येतो. शंकूचे चाहते ब्राझीलमध्ये भेटतात. जपानी वंशाची मोठी वस्ती असलेल्या साओ पाउलोत ‘तेमाकेरिया’ नावाची दुकाने फोफावली; तिथला सॅमन आणि क्रीम चीज भरलेला भलामोठा शंकू तोक्योतल्या कर्मठ सुशीवाल्याला पटणे कठीण.