अस्थिसुषिरतेवरील औषधे आणि हृदयविकार

अस्थिसुषिरता म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस हा हाडांची घनता व अंतर्गत रचना क्षीण होऊन ती किरकोळ आघातानेही मोडण्याची शक्यता निर्माण करणारा विकार आहे. बोलीभाषेत त्यास 'हाडे ठिसूळ होणे' असे म्हणतात. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर, हा विकार आणि हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार एकाच व्यक्तीत आढळणे सामान्य आहे. अशा व्यक्तीसाठी हाडांच्या औषधाची निवड करताना हृदय, हृदयाची लय, मेंदूचा रक्तपुरवठा आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरील त्या औषधाचा परिणाम विचारात घ्यावा लागतो. औषधागणिक धोक्याचे स्वरूप बदलते. त्यामुळे सर्वच हृदयरुग्णांना लागू पडेल असे एकच औषध नाही.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये निश्चित केलेल्या व्याख्येनुसार डेक्सा तपासणीतील टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी असल्यास अस्थिसुषिरतेचे निदान होते. वाढते वय, तंबाखूचे सेवन, मधुमेह आणि शारीरिक हालचालींचा अभाव हे घटक हाडे आणि रक्तवाहिन्या या दोहोंना अपायकारक आहेत.

हृदयरुग्णाच्या बाबतीत औषध टाळणे हा निर्धोक पर्याय ठरत नाही. खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रक्रिया, भूल आणि दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणे ओढवते. त्यातून पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे व न्यूमोनिया यांचा धोका उद्भवतो आणि आधीच दुर्बल असलेल्या हृदयावर मोठा ताण येतो. म्हणून औषधाचा संभाव्य अपाय हा अस्थिभंगाच्या अपायाशी ताडून पाहावा लागतो.

औषधांचे प्रकार

बिस्फॉस्फोनेट गट

अ‍ॅलेंड्रोनेट, रायसेड्रोनेट, आयबँड्रोनेट व झोलेड्रोनिक आम्ल ही या गटातील औषधे हाडांची झीज करणाऱ्या पेशींचे कार्य मंदावतात. अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घेतात, तर झोलेड्रोनिक आम्ल ५ मिलिग्रॅम या मात्रेत वर्षातून एकदा शिरेवाटे देतात.

झोलेड्रोनिक आम्लाची साडेसात हजारांहून अधिक स्त्रियांवरील मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मणक्यांचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. मात्र एट्रियल फिब्रिलेशन या लयबिघाडाच्या गंभीर घटना औषध घेणाऱ्या गटात १.३ टक्के, तर प्लासिबो गटात ०.५ टक्के आढळल्या. त्याच वर्षी, खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत असा फरक दिसला नाही. उलट तीत एकूण मृत्यूंचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये सर्व उपलब्ध माहिती तपासून या गटाचा व लयबिघाडाचा स्पष्ट संबंध आढळत नसल्याचे जाहीर केले.

हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात होऊन गेलेल्या बहुतेक रुग्णांत हा गट वापरता येतो. खरी मर्यादा मूत्रपिंडांची असते. मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी असल्यास झोलेड्रोनिक आम्ल वर्ज्य आहे. तसेच अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना गोळ्यांमुळे अन्ननलिकेचा व जठराचा दाह अधिक होऊ शकतो.

डेनोसुमॅब

हे प्रतिपिंड ६० मिलिग्रॅम मात्रेत दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७,८६८ स्त्रियांवरील चाचणीत मणक्यांचे अस्थिभंग ६८ टक्क्यांनी, तर खुब्याचे ४० टक्क्यांनी घटले. हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रमाणात प्लासिबोच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही.

या औषधाने रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटू शकते आणि त्यातून हृदयाची लय बिघडू शकते. हा धोका मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत अधिक असल्याने जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत त्याविषयी चौकटीतील इशारा बंधनकारक झाला. औषध अचानक थांबवल्यास हाडांची झीज वेगाने होऊन एकाच वेळी अनेक मणके दबले जाऊ शकतात. म्हणून हृदयशस्त्रक्रियेसारख्या कारणाने एखादी मात्रा लांबणार असेल तर तिचे नियोजन आधीच करणे आवश्यक असते, आणि औषध बंद करतानाही त्यापाठोपाठ बहुधा बिस्फॉस्फोनेट दिले जाते.

टेरिपॅराटाइड

पॅराथायरॉइड संप्रेरकाचा अंश असलेले हे औषध नवे हाड तयार होण्यास चालना देते. ते २० मायक्रोग्रॅम मात्रेत दररोज टोचतात. सुरुवातीच्या मात्रांनंतर उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येण्याची शक्यता असल्याने रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी इंजेक्शननंतर काही वेळ बसून राहणे हिताचे असते. रक्तातील कॅल्शियम वाढल्यास डिगॉक्सिनची विषबाधा होण्यास ते पोषक ठरते.

रोमोसोझुमॅब

हृदयविकाराच्या संदर्भात सर्वाधिक चर्चा झालेले हे औषध आहे. ते स्क्लेरोस्टिन या प्रथिनास निष्प्रभ करून हाडांची निर्मिती वाढवते व झीज घटवते. ते महिन्यातून एकदा, असे बारा महिने दिले जाते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७,१८० स्त्रियांवरील चाचणीत प्लासिबोच्या तुलनेत हृदयविकाराच्या घटना वाढल्याचे दिसले नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,०९३ स्त्रियांवरील चाचणीत त्याची तुलना अ‍ॅलेंड्रोनेटशी करण्यात आली. तीत पहिल्या वर्षात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना रोमोसोझुमॅब गटात २.५ टक्के, तर अ‍ॅलेंड्रोनेट गटात १.९ टक्के होत्या. हा फरक रोमोसोझुमॅबच्या अपायाचा, अ‍ॅलेंड्रोनेटच्या संरक्षक परिणामाचा की योगायोगाचा, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.

या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती चौकटीतील इशाऱ्यासह. मागील एका वर्षात हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात झालेल्या रुग्णांत ते सुरू करू नये, असा तो इशारा आहे. युरोपीय महासंघाचा नियम अधिक कडक असून तेथे असा विकार पूर्वी केव्हाही झाला असल्यास हे औषध निषिद्ध आहे.

रॅलॉक्सिफेन आणि संप्रेरके

रॅलॉक्सिफेन मणक्यांचे अस्थिभंग कमी करते, परंतु खुब्याच्या अस्थिभंगावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. हृदयविकार असलेल्या वा त्याचा धोका अधिक असलेल्या १०,१०१ स्त्रियांवरील २००६ मधील चाचणीत हृदयविकाराच्या घटना त्याने कमी झाल्या नाहीत. उलट शिरांतील गुठळ्या आणि प्राणघातक पक्षाघात यांचे प्रमाण वाढले. त्यामुळे पायाच्या वा फुप्फुसाच्या शिरेत पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णांत ते वर्ज्य आहे.

इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित उपचाराबाबत अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. खुब्याचे अस्थिभंग सुमारे एक तृतीयांशाने घटले, मात्र हृदयविकार, पक्षाघात व गुठळ्या वाढल्या. हृदयविकार असलेल्या स्त्रियांत केवळ हाडांसाठी हा उपचार सुरू केला जात नाही.

स्ट्रॉन्शियम रॅनेलेट

एकेकाळी युरोपप्रमाणे भारतातही वापरात असलेल्या या औषधाने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढत असल्याचे आढळल्यावर २०१३-१४ मध्ये युरोपात त्यावर निर्बंध आले. मूळ उत्पादक कंपनीने २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले.

कॅल्शियम व ड जीवनसत्त्व

न्यूझीलंडमधील १,४७१ स्त्रियांवरील चाचणीत कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके अधिक असल्याची शंका २००८ मध्ये व्यक्त झाली. पुढील अभ्यासांत एकवाक्यता नाही. आहारातील कॅल्शियमबाबत मात्र असा आक्षेप नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना दररोज १,००० आणि रजोनिवृत्तीनंतर १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते शक्यतो आहारातून घ्यावे व उरलेली तूटच गोळ्यांनी भरून काढावी, हा मध्यम मार्ग सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो.

हृदयाच्या औषधांशी संबंध

फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या औषधांनी कॅल्शियम शरीराबाहेर जाते, तर थायाझाइड गटातील औषधांनी ते शरीरात टिकून राहते. थायाझाइडसोबत कॅल्शियम व ड जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तातील कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढू शकते. रॅलॉक्सिफेनमुळे वॉरफरीनच्या परिणामात बदल होऊ शकत असल्याने रक्ताची तपासणी करावी लागते. रक्तदाबाच्या औषधांनी भोवळ येऊन रुग्ण पडल्यास हाडाच्या औषधाचा उद्देशच विफल होतो. त्यामुळे पडण्याची कारणे शोधणे हाही उपचाराचाच भाग मानला जातो.

औषधाची निवड

निवडीपूर्वी झटका वा पक्षाघात केव्हा झाला, शिरेत गुठळी झाली होती का, हृदयाची लय कशी आहे, आणि मूत्रपिंडांचे कार्य, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची पातळी किती आहे, या बाबी तपासतात. नजीकच्या काळात झटका येऊन गेला असल्यास रोमोसोझुमॅब, गुठळीचा इतिहास असल्यास रॅलॉक्सिफेन व संप्रेरके, तर मूत्रपिंडे दुर्बल असल्यास झोलेड्रोनिक आम्ल टाळले जाते. अशी अडचण नसल्यास बिस्फॉस्फोनेट हा बहुधा पहिला पर्याय असतो, कारण त्याचा अनुभव दीर्घ व खर्च कमी आहे. अस्थिरोगतज्ज्ञ व हृदयरोगतज्ज्ञ वेगवेगळ्या ठिकाणी असल्यास चालू औषधांची संपूर्ण यादी दोघांनाही दाखवणे महत्त्वाचे ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी येते. त्यामुळे हाडे व हृदय या दोहोंना असलेले इस्ट्रोजेनचे संरक्षण लवकर संपते. पुण्यातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत भारतीयांच्या अस्थिघनतेवर संशोधन झाले आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांत रूढ असलेली मिश्री ही तंबाखूपासूनच बनते व ती हाडे आणि हृदय या दोहोंस घातक आहे. आहारातील नाचणीच्या १०० ग्रॅम धान्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दूध, दही व तीळ हेही कॅल्शियमचे सहज उपलब्ध स्रोत आहेत.

शिबिरांत टाचेवर केली जाणारी ध्वनिलहरींची तपासणी ही केवळ प्राथमिक चाळणी होय. टी-स्कोअरची उपरोक्त व्याख्या तिला लागू होत नाही. त्यामुळे तेवढ्यावरून औषध सुरू न करता डेक्सा तपासणी करून घेणे योग्य ठरते. मात्र किरकोळ पडण्याने खुबा वा मणका मोडला असेल, तर टी-स्कोअर काहीही असला तरी अस्थिसुषिरतेचे निदान करता येते.

हे सुद्धा पहा

अस्थिसुषिरता
रजोनिवृत्ती
हृदयविकार
पक्षाघात
ड जीवनसत्त्व
नाचणी