सुलभा देशपांडे

सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) : मराठी-हिंदी रंगभूमी, चित्रपट आणि मालिकांतील अभिनेत्री. दादरच्या छबिलदास शाळेत काही काळ शिक्षिका. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या विजय तेंडुलकरांच्या नाटकातली लीला बेणारेही शिक्षिकाच. ही भूमिका त्यांची ओळख ठरली. नाटकातले अभिरूप न्यायालय बेणारेला बोलायला दहा सेकंद देते, आणि बाकीची पात्रे थिजलेली असताना ती मनातले सगळे बोलून घेते. हे दीर्घ स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे, म्हणजे सुलभाताईंचे पती, यांच्या आग्रहावरून लिहिले गेले. १९७१ साली दोघांनी अरुण काकडे यांच्यासह ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी केली. तिच्या ‘चंद्रशाला’ या बालनाट्य विभागाचे ‘दुर्गा झाली गौरी’ गाजले. मुलांसाठीचे हे काम अभिनयाइतकेच मोलाचे, पण चर्चा मात्र बेणारेचीच होते. पडद्यावर ‘भूमिका’मध्ये (१९७७) त्या स्मिता पाटीलच्या आई होत्या, तर ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (२०१२) श्रीदेवीच्या सासूबाई. मालिकांमुळे त्या घरोघरी पोचल्या. संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९८७ चा.