पेशी वाचल्या, की फक्त लक्षणं झाकली?

१९८२. कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक लाकडासारखे ताठरले. पार्किन्सन्स, आणि तोही ऐन तरुणपणी! डॉ. विल्यम लँगस्टन यांनी माग काढला: बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी होतं. मेंदूतलं माओ-बी एन्झाइम त्याचं विष बनवतं आणि डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. मग ते एन्झाइमच अडवलं तर?

माकडं वाचली. पुढे ८०० रुग्णांच्या चाचणीत हे एन्झाइम अडवणारं सेलेजिलिन तपासलं गेलं. १९८९मध्ये निष्कर्ष आला: लेव्होडोपा सुरू करण्याची वेळ लांबली. मला या इतिहासातला हाच क्षण छळतो. कारण सेलेजिलिन लक्षणंही थोडी कमी करतं. रुग्ण बरा चालतोय, पण आत पेशी मरतच असतील तर? जिवंत मेंदूत त्या मोजायच्या कशा? नंतरच्या वर्षांत तो फायदा टिकला नाही.