एका परिचारिकेने मांडलेला हिशेब

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी आजवर मी एखादी पाककृती, नाहीतर विणकामाचा नमुना देत आले. या वर्षी संपादिकाबाईंनी इतिहासावर लिहावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हटला की मला शाळेतल्या सनावळ्या आठवतात आणि पोटात गोळा येतो. पण एक इतिहास असा आहे की तो माझ्या घरापर्यंत येऊन पोचला. तोच भगिनींपुढे ठेवीत आहे.

2016 साली माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. रात्री मी त्यांच्या उशाशी बसत असे. तिसाच्या वर खाटा आणि रात्रपाळीला नर्स एकच! पलीकडच्या खाटेवर एक आजीबाई होत्या, त्यांचीही शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. दुसऱ्या रात्री त्या भलतेसलते बोलू लागल्या, श्वासही जोरात चालला होता. त्यांची सून दोनदा नर्सला बोलवून आली. नर्स "आले हं" म्हणाली आणि दुसऱ्या टोकाला एकाची सलाईन निघाली होती तिकडे धावली. ती आली तेव्हा बराच वेळ गेला होता. आजीबाईंना घाईघाईने अतिदक्षता विभागात नेले, त्या परत आल्या नाहीत. माझा काही संबंध नसताना मी त्या मुलीला नाही नाही ते बोलले. माणुसकी नाही, पगार घेता आणि कामाच्या नावाने शंख, असे सगळे. ती एवढेच म्हणाली, "ताई, मी एकटी आहे हो." मला ते उद्धट उत्तर वाटले होते.

पुढे माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीने बारावीनंतर नर्स होण्याचे मनात घेतले. घरात वाद सुरू झाला. दीर म्हणत, तीन वर्षांचा डिप्लोमा कर आणि नोकरीला लाग. ती म्हणे, मला चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंगची पदवी हवी. मला विचारले तेव्हा मी म्हटले, "इतके शिकून शेवटी भांडेच उचलायचे ना?" ती त्या वेळी गप्प बसली. पदवीच्या शेवटच्या वर्षी एका सुट्टीत मात्र इंग्रजी कागद घेऊन स्वयंपाकघरात आली, आणि मी भाजी निवडीत असताना तिने मला एका अमेरिकन बाईंचे काम वाचून, अर्थ सांगून ऐकविले. त्या बाईंचे नाव लिंडा एकेन.

त्यांच्याआधी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याविषयी दोन शब्द लिहायला हवेत. हातात दिवा घेऊन जखमी शिपायांमधून फिरणारी बाई, एवढेच आपण पुस्तकात वाचले. 1854 साली त्या क्रिमियाच्या युद्धात गेल्या, हे खरेच. पण परत आल्यावर त्यांनी किती शिपाई जखमांनी मेले आणि किती रोगराईने मेले याचे तक्ते मांडून सरकारपुढे ठेवले. रोगराईचा आकडा कितीतरी मोठा निघाला. इंग्लंडच्या संख्याशास्त्र संस्थेने सभासद करून घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिकांची शाळा निघाली. मोजणे आणि शिकविणे ही दोन कामे त्यांनी एका हाताने केली. लोकांनी मात्र दिवा तेवढा लक्षात ठेवला.

लिंडा एकेन याही मूळच्या परिचारिका. नंतर त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधन केंद्र उभे केले. 1983 साली अमेरिकेतील परिचारिकांच्या एका विद्वत्संस्थेने 41 रुग्णालयांची नावे काढली होती. इतर ठिकाणी नर्स टिकत नसत, या ठिकाणी मात्र त्या आनंदाने राहात. तेथे त्यांच्या शब्दाला मान होता, डॉक्टर त्यांचे ऐकत. एकेनबाईंनी विचार केला, नर्स सुखी असतात तेथे रोग्याचे काय होते? त्यांतील 39 रुग्णालये त्यांनी तशाच 195 दुसऱ्या रुग्णालयांशी ताडून पाहिली. रोग्यांच्या आजाराचा फरक जमेस धरूनही मृत्यूचे प्रमाण 4.6 टक्क्यांनी कमी निघाले. हे 1994 साली छापून आले. त्याच सुमारास तिकडे खर्च कमी करण्याच्या नावाखाली रुग्णालये नर्सच कमी करू लागली होती. काटकसर करावयाची झाली की पहिला हात बायकांच्या कामावर पडतो. हे आपल्याला नवे नाही.

मग त्यांनी मोठा हिशेब मांडला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील 168 रुग्णालये घेतली, 10,184 नर्सना प्रश्न विचारले आणि शस्त्रक्रिया झालेल्या 2,32,342 रोग्यांच्या नोंदी पाहिल्या. हे 2002 साली प्रसिद्ध झाले. एका नर्सकडे सरासरी चार रोगी असण्यापासून आठ असण्यापर्यंत फरक होता. आणि नर्सकडे एक रोगी वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत रोगी दगावण्याचा संभव 7 टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे, पुतणीने मला समजावले तसे सांगते: चार रोगी असताना शंभर माणसे दगावत असतील, तर तशाच आजाराची सहा रोगी असताना सुमारे एकशे चौदा आणि आठ असताना सुमारे एकशे एकतीस. वरची एकतीस माणसे कोणी मारली? बोट दाखवावे असे कोणी सापडत नाही.

मला हे चटकन पटले, कारण मी पंगती वाढल्या आहेत. एका वाढपिणीकडे दहा पाने असली तर कोणाला भात हवा, कोणाचे ताक संपले, कोण संकोचाने गप्प आहे, हे तिला दिसते. चाळीस पाने दिली तर तीच बाई, तिचा स्वभाव तोच, पण तिला फक्त पातेले आणि रांग दिसते.

डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येऊन जातात. मधल्या वेळी रोग्याचा श्वास वाढला, लघवी कमी झाली, नाडी भरभर चालू लागली, तो असंबद्ध बोलू लागला, हे प्रथम कळते ते नर्सला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत चांगल्या रुग्णालयातही होते. ती वेळीच कळली तर माणूस वाचतो. एकेनबाईंनी हेही निराळे मोजले: गुंतागुंत झालेल्यांपैकी किती जण हातचे गेले? तेथेही दर रोग्यामागे तोच 7 टक्क्यांचा आकडा आला. हे वाक्य ऐकताना मला त्या आजीबाईंचे बरळणे आठवले. सुनेला कळले होते, नर्सला कळायला वेळच नव्हता. मी निवडलेली मेथी तशीच पुढ्यात राहिली.

दुसरा हिशेब शिक्षणाचा, तो 2003 सालचा. अमेरिकेत नर्स होण्याचे तीन मार्ग होते: रुग्णालयातला डिप्लोमा, दोन वर्षांची पदविका आणि विद्यापीठाची पदवी. परवान्याची परीक्षा सर्वांची एकच, म्हणून लोक म्हणत की फरक काय पडतो? त्याच 168 रुग्णालयांत पदवीधर नर्सचे प्रमाण कोठे शून्य तर कोठे 77 टक्के होते. ते दर दहा टक्क्यांनी वाढले की मृत्यूचा संभव 5 टक्क्यांनी घटलेला आढळला. नुसत्या नोकरीच्या वर्षांनी असा फरक पडलेला दिसला नाही. हे मला जरा जड गेले. अनुभवाला मानणारी मी बाई. पुतणी म्हणाली, "काकू, हात अनुभवाने चालतात. पण हे लक्षण बिघाडाचे आहे हे ओळखायला आणि डॉक्टरांना रात्री दोन वाजता ठामपणे उठवायला शिक्षण लागते."

शंका घेणारे होतेच. जेथे नर्स जास्त तेथे डॉक्टरही चांगले असतील, यंत्रेही नवी असतील, असे ते म्हणत. म्हणून बाईंनी रुग्णालयाचा आकार, यंत्रसामग्री, डॉक्टरांचे शिक्षण, रोग्यांचे वय आणि आजार, सगळे जमेस धरले होते. तरीही अशा मोजणीने संबंध दिसतो, कारण पुरते सिद्ध होत नाही, असे पुतणीने मला प्रामाणिकपणे सांगितले. मग पुन्हा पुन्हा मोजणे हाच उपाय. 2014 साली युरोपातील नऊ देशांतील 300 रुग्णालये आणि 4,22,730 रोगी यांचा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तेथेही एक रोगी वाढला की 7 टक्के वाढ, आणि पदवीधर दहा टक्क्यांनी वाढले की 7 टक्के घट. देश निराळे, भाषा निराळ्या, आकडा जवळजवळ तोच.

कॅलिफोर्निया राज्याने तर 1999 मध्ये कायदाच केला. तो 2004 पासून अमलात आला आणि पुढल्याच वर्षापासून साध्या विभागात एका नर्सकडे पाचाहून अधिक रोगी देता येईनात.

आपल्याकडचे सांगायचे तर इंडियन नर्सिंग कौन्सिलने साध्या रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक नर्स असावी असे प्रमाण सांगितले आहे. मी पाहिलेल्या त्या खोलीत तिसाच्या वर होते. आणि शिकण्याची वाट आपल्याकडे नव्हती असेही नाही. 1909 साली पुण्यात सेवासदन निघाले. घराण्यातील बायकांनी परक्यांची शुश्रूषा करावयाची हे त्या काळी लोकांना रुचणारे नव्हते, तरी रमाबाई रानडे यांनी बायकांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचे नर्सिंग महाविद्यालय मुंबईत 1964 पासून आहे. इतके असून 'भांडेच उचलायचे ना' हे शब्द माझ्या तोंडून निघालेच!

आपले मंडळ दरवर्षी दोन मुलींना शिवणाच्या आणि शिक्षिकेच्या अभ्यासक्रमासाठी फी देते. यंदा त्यात नर्सिंगच्या पदवीची एक मुलगी घ्यावी असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. निर्णय व्हायचा आहे.

पुतणी पदवी घेऊन नोकरीला लागली. रात्रपाळीला जाण्याआधी तिचा फोन येतो. पूर्वी मी जेवलीस का म्हणून विचारी. आता आधी विचारते, "आज तुझ्याकडे किती?" परवा म्हणाली, "बावीस, काकू. एक जण नवीन ऑपरेशनचे आहेत, त्यांच्याजवळ आधी जाते," आणि फोन ठेवला.