राउटरखालच्या स्टिकरचा प्रवास

भिवंडीच्या गोदामांतून निघालेला वाय-फाय राउटरचा खोका असो की आपल्या घरातला जुना डबा, तळाच्या स्टिकरवर बारा अंक-अक्षरांचा एक नंबर असतोच. हा मॅक अ‍ॅड्रेस. १९८० साली डेक, इंटेल आणि झेरॉक्सने इथरनेटसाठी तो ४८ बिटांचा ठरवला. हेतू साधाच, एका वायरवरच्या दोन यंत्रांची गल्लत होऊ नये. घराबाहेर त्याचं काही काम नव्हतं.

पण आयपीव्ही६ आलं आणि त्याला बाहेरची वाट मिळाली. १९९८ च्या नियमांनुसार १२८ बिटांच्या पत्त्याचा मागचा अर्धा भाग यंत्रच बनवणार : मॅक घ्या, मधोमध ठरलेले १६ बिट घाला, एक बिट उलटा करा, झालं! पुढचा अर्धा भाग इंटरनेट कंपनीने कितीही बदलला तरी शेपूट तेच. हा धोका ओळखून २००१ मध्येच बदलत्या शेपटाचा उपाय निघाला. फोन-लॅपटॉप सुधारले. बरेच राउटर मात्र तसेच राहिले.

आता कुणी म्हणेल, पत्ता कळला तर बिघडलं काय?

जुलै २००८ आठवा. अहमदाबाद स्फोटांच्या आधी धमकीचा ईमेल आला, आणि त्याचा आयपी पत्ता निघाला आपल्याच ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटचा. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाची एटीएसने चौकशी केली, संगणक जप्त केले. नंतर कळलं, त्याचं उघडं वाय-फाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पत्त्यावरून घर सापडतं, माणूस नाही.

तेव्हा पत्त्यावरून घर गाठायला निदान इंटरनेट कंपनीची नोंद तरी लागायची. २०२१ मध्ये एरिक राय आणि रॉबर्ट बेव्हर्ली या संशोधकांनी दाखवलं की तीही लागत नाही. राउटरचा बाहेरचा मॅक आणि वाय-फायचा मॅक बहुधा शेजारचेच नंबर असतात, आणि कुठलं वाय-फाय कुठल्या रस्त्यावर आहे याचे नकाशे तयारच आहेत. दोन्ही जुळवून त्यांनी १४६ देश-प्रदेशांतले सव्वा कोटीच्या आसपास राउटर गल्लीपर्यंत शोधले!

तेव्हा या वीकेंडला राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा आयपीव्ही६ पत्ता बघा. मागच्या अर्ध्याच्या मधोमध 'एफएफ:एफई' दिसलं, तर स्टिकर घराबाहेर पडलाय असं समजा. फर्मवेअर अपडेट करा, नाहीतर कंपनीकडे नवा राउटर मागा.