केवल नरसिंह आणि तुटलेला शिलालेख

गॉथिक साहित्य शिकवताना आपण ओसाड वाडा, शाप, पछाडलेले घराणे अशी लक्षणे सांगतो, आणि हे सारे विलायतेतून येऊन नारायण धारपांच्या कथांत उतरले असे म्हणून तास संपवतो. रामटेकच्या टेकडीवर गेले, की हे विधान पुन्हा तपासावेसे वाटते.

होरेस वॉल्पोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ १७६४ साली प्रसिद्ध झाली. जुन्या घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या इटालियन पुस्तकाचे हे भाषांतर, अशी बतावणी लेखकाने आधी केली आणि दुसऱ्या आवृत्तीत खरे काय ते सांगून टाकले. कथेच्या आरंभीच एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळते आणि बोहल्यावर चढायचा राजपुत्र त्याखाली चिरडला जातो. वाचकाने भ्यावे की हसावे? या संभ्रमातच गॉथिक विक्षिप्तपणाचे मूळ आहे. त्याच्या तळाशी असते, ते वंश खुंटल्याचे दुःख.

रामटेकच्या वाकाटककालीन केवल नरसिंह मंदिरात हिरण्यकशिपू नाही, विदारलेले पोट नाही. उग्र देव चक्र धरून एकटाच ऐसपैस बसला आहे. हे विसावलेले भय पाहताना ओठांवर हसू येते, आणि त्या हसण्याचीच किंचित भीती वाटते.

त्याच मंदिरात एक शिलालेख आहे. गिलाव्याखाली दडलेला हा लेख गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उजेडात आला. हान्स बाकर आणि हारुनागा आयझॅक्सन यांनी १९९३ साली त्याचे वाचन प्रसिद्ध केले. ओळी जागोजाग तुटल्या आहेत. त्यांच्या मते, प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीच्या स्मरणार्थ तिच्या लेकीने हे मंदिर उभारले. प्रभावती दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पती दुसरा रुद्रसेन अकाली गेल्यावर तिने अज्ञान मुलांच्या वतीने राज्य सांभाळले. वॉल्पोलला जुना ग्रंथ कल्पावा लागला. इथे लेकीचा शोक खरोखरच दगडात अर्धा उरला आहे.

वा. वि. मिराशींनी ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असे प्रतिपादन केले. तिथला शापित यक्षही धूर, पाणी, वारा यांनी बनलेल्या ढगाला निरोप्या करतो, आणि या वेडेपणाची जाणीव कवी आपल्याला आरंभीच देतो.

याला गॉथिक म्हणावे, असा माझा आग्रह नाही. पण पुढच्या वर्षी हा विषय शिकवताना विक्षिप्त आणि विषण्ण यांचे नाते मी या टेकडीपासून सांगू लागेन; ओट्रांटो त्यानंतर.